दर सहा महिन्यांनी परतणारा काळा धूर: जुन्या कॅम्पर गाडीतील ईजीआरचे दुखणे

जुन्या डिझेल मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली आणि वर्षातला बराच काळ समुद्राजवळ उभी राहणारी कॅम्पर गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. दुखणे असे की पीयूसीच्या, म्हणजे धुराच्या सक्तीच्या तपासणीच्या, वेळी गाडी काळा धूर ओकते, मिस्त्री ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेल्या वायूचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी झडप) खोलून काजळी खरवडतो, गाडी पास होते आणि पुढच्या पीयूसीला पुन्हा तोच प्रकार घडतो. आमच्या गाडीत हे सलग चार वेळा झाले. प्रत्येक वेळी काजळी काढणे हाच उपाय समजला गेला, कारण काजळी डोळ्यांना दिसत होती. ती कशामुळे साचते, हा प्रश्न मात्र दोन वर्षे कोणी विचारला नाही, आणि त्यात मीही होतो.

आमची गाडी २००८ सालची, बीएस-३ (भारत स्टेज ३) या प्रदूषण मानकाची, डिझेल पुरवणाऱ्या यांत्रिक रोटरी पंपाची आहे. ती रत्नागिरीजवळ, खाडीपासून हाकेच्या अंतरावर, घराच्या पडवीला लागून असते. जुन्या गाड्यांना प्रेमाने ‘व्हिंटेज’ म्हणण्याची रीत आहे, परंतु केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांनुसार ती नोंदणी ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी आहे आणि तशी गाडी नेहमीच्या प्रवासाला वापरता येत नाही. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्यांना सर्वसाधारण नियमच लागू होतात. बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी पीयूसी करावी लागते, तर बीएस-४ पासून पुढच्या गाड्यांना वर्षातून एकदा. डिझेल गाडीच्या धुराची घनता हार्ट्रिज एककांत मोजतात. बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांसाठी मर्यादा ६५ आणि बीएस-४ साठी ५० आहे. आमची गाडी साफसफाईनंतर ५० च्या आसपास येई आणि सहा महिन्यांत पुन्हा ७० च्या पुढे जाई.

प्रथम रंग नीट ओळखावा, कारण पुढची सगळी दिशा त्यावरच ठरते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. थंड इंजिनाचा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा वाफ. काळा धूर म्हणजे जेवढे डिझेल आत गेले तेवढी हवा त्याला मिळाली नाही. हवा कमी पडण्याची साधी कारणे आधी बाद करावीत. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरावा, त्याच्या पेटीपासून मॅनिफोल्डपर्यंतचा (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्यापर्यंतचा) रबरी होज आतून चुरगळला आहे का ते पाहावे आणि डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी सोडावे. पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत हे पाणी हमखास निघते. इंजेक्टर आणि पंपाचे काम खर्चाचे असते, म्हणून त्यांच्याकडे शेवटी वळावे. आम्ही नेमके उलटे केले. दुसऱ्या खेपेला चारही नोझल बदलून घेतले, त्याने गाडीचा आवाज थोडा मऊ झाला, पण धूर होता तसाच राहिला.

यानंतर ईजीआर. सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी ही व्यवस्था आहे. सिलिंडरमधले तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे वेगाने तयार होऊ लागतात. जळून गेलेला वायू थोडा मिसळला की ज्वलन जरा थंडपणे होते आणि ही ऑक्साइडे कमी बनतात. इंजिन सावकाश चालत असताना किंवा हलका भार असताना ही वाट उघडी राहते, आणि जोराने रेस दिली किंवा घाट चढायला लागला की ती ताबडतोब बंद व्हावी लागते, कारण तेव्हा इंजिनाला शक्य तेवढी ताजी हवा हवी असते. आमच्या गाडीच्या काळातल्या गाड्यांत हे काम व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून घेतलेल्या पोकळीच्या ओढीवर, चालते. अल्टरनेटरच्या मागे बसवलेला छोटा पंप व्हॅक्यूम तयार करतो, सोलेनॉइड नावाची विजेवर चालणारी छोटी झडप तो व्हॅक्यूम ईजीआरच्या डायफ्रॅमपर्यंत (व्हॉल्व्हचा दांडा ओढणाऱ्या रबरी पडद्यापर्यंत) पोचवते किंवा तोडते, आणि अॅक्सिलरेटरच्या स्थितीवरून सोलेनॉइडला इशारा मिळतो.

येथे पीयूसीच्या चाचणीची पद्धत लक्षात घेतली पाहिजे. गाडी जागेवर उभी असते, इंजिन तापलेले असते आणि सावकाश चालणाऱ्या इंजिनाला एकदम पूर्ण रेस दिली जाते. म्हणजे ज्या क्षणी ईजीआर उघडा असतो त्याच क्षणानंतर तो झटकन मिटला पाहिजे. तो मिटायला दोन-तीन सेकंद उशीर झाला, तरी धुराचा मोठा लोट बाहेर पडतो आणि यंत्र नेमका तोच टिपते. रस्त्यावर चालवताना मात्र हा दोष सहसा जाणवत नाही, कारण सपाटीवर आपण अॅक्सिलरेटर हळूहळू दाबतो. म्हणूनच आमची गाडी निवळी घाटातही फारशी तक्रार करत नसे आणि चाचणीच्या यंत्रासमोर उभी राहिली की नापास होई. मला कित्येक दिवस वाटत राहिले की केंद्रावरचे यंत्रच चुकीचे मोजते. तो माझा गैरसमज होता.

दोष ईजीआरमध्ये आहे की नाही, हे ठरवण्याची सोपी रीत अशी. इंजिन बंद करून डायफ्रॅमवरची व्हॅक्यूमची बारीक नळी काढावी आणि नळीचे मोकळे तोंड एखाद्या स्क्रूने घट्ट बंद करावे. आता व्हॉल्व्हला उघडण्याचा हुकूमच मिळणार नाही. इंजिन तापवून एकाने रेस द्यावी आणि दुसऱ्याने मागे उभे राहून धूर पाहावा. धूर स्पष्ट कमी झाला, तर व्हॉल्व्ह स्वतः ठीक आहे आणि दोष नळ्या, सोलेनॉइड किंवा त्याला मिळणाऱ्या इशाऱ्यात आहे. धूर तेवढाच राहिला, तर एक तर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला आहे किंवा दुखणे ईजीआरच्या बाहेर आहे. व्हॉल्व्ह अडकला आहे का, हे तपासायला हातपंप असलेले व्हॅक्यूम मीटर लागते. डायफ्रॅमवर साधारण ४०० मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम द्यावा, काटा मिनिटभर स्थिर राहिला पाहिजे, आणि व्हॅक्यूम सोडताच आतला दांडा खट् आवाज करून जागेवर बसला पाहिजे. काटा घसरला तर डायफ्रॅम फाटला आहे असे समजावे. फाटलेल्या डायफ्रॅमने धूर वाढत नाही, कारण व्हॉल्व्ह उघडतच नाही. पण तो व्हॅक्यूम गळत ठेवतो, आणि त्याचा परिणाम काय होतो ते पुढे सांगतो.

हीच चाचणी आम्ही २०२४ च्या एप्रिलमध्ये केली. तोपर्यंत सगळा दोष पावसावर आणि खाऱ्या हवेवर टाकला जात होता. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी उभी, हवा ओली, स्प्रिंगला गंज, म्हणून ऑक्टोबरात धूर, अशी ती मांडणी होती आणि ती पटण्यासारखीही होती. परंतु एप्रिलमध्येही गाडी तितकीच नापास होत होती, आणि त्याआधीचे सहा महिने ती गुहागर, हर्णै, वेळास, देवगड असे फिरलेली असे. पाऊस हेच एकमेव कारण असते, तर कोरड्या हंगामानंतर गाडी निरोगी असायला हवी होती. या एका विसंगतीने मला पुन्हा पहिल्यापासून बघायला लावले.

नळी काढून स्क्रू लावताच धूर जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे नुकता साफ केलेला व्हॉल्व्ह ठीक होता. नळी पुन्हा जोडली आणि पुतण्याला रेस द्यायला सांगून मी डायफ्रॅमच्या खालच्या फटीतून दांड्याकडे पाहत राहिलो. रेस दिली तरी दांडा वरच राहिला. मनात तीन अंक मोजून होईपर्यंत तो सावकाश खाली आला. व्हॅक्यूम तोडला जात होता, पण अडकलेला व्हॅक्यूम बाहेर पडायला वाट मिळत नव्हती.

ही वाट सोलेनॉइडमध्ये असते. डायफ्रॅममधला व्हॅक्यूम सोडायचा तर तेथे बाहेरची हवा आत यावी लागते, आणि ती एका छोट्या टोपणाखालच्या स्पंजच्या फिल्टरमधून येते. हा फिल्टर रुपयाच्या नाण्याएवढाही नसतो, त्यामुळे सर्व्हिसच्या वेळी त्याची आठवण कोणालाच होत नाही. मी टोपण उचकटले तेव्हा आत स्पंज नव्हता, जांभ्याच्या लाल धुळीचा घट्ट गोळा होता. तो काढून टाकून रेस दिली, तर दांडा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच खाली बसला. व्हॉल्व्ह उशिरा मिटत असल्याने भाराखालीही काजळीचा वायू आत जात होता, आणि त्यानेच व्हॉल्व्ह आणि इनटेक मॅनिफोल्ड दर सहा महिन्यांनी लिंपले जात होते. आम्ही चार वेळा परिणाम साफ केला आणि कारण जागेवर ठेवले.

एवढी धूळ तेथे पोचली कशी, हा पुढचा प्रश्न. मूळ मिनीबसमध्ये सोलेनॉइड इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर, उंच आणि कोरड्या जागी असतो. गाडीची कॅम्पर करताना दुसऱ्या बॅटरीसाठी जागा हवी होती, म्हणून बांधणाऱ्यांनी सोलेनॉइडची पट्टी काढून ती डाव्या चाकाच्या कमानीजवळ खाली बसवली होती. पावसाळ्यात चाकाने उडवलेला चिखल, उन्हाळ्यात धूळ आणि फेरीबोटीच्या धक्क्यावरच्या उतारावर खारे पाणी, असे सगळे थेट त्याच्यावर जात होते. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ असा प्रवास करणाऱ्यांना त्या उतारावरची ओल ठाऊक आहे. आम्ही सोलेनॉइड पुन्हा वर हलवला, टोपणाचे तोंड खाली येईल असा बसवला आणि नवा स्पंज घातला. कॅम्पर गाडीत मूळ जागेवरून हललेला प्रत्येक भाग संशयित धरावा, असे माझे आता ठाम मत झाले आहे. बांधणीच्या वेळचे फोटो असतील तर ते जपून ठेवावेत, आणि नसतील तर त्याच सांगाड्याची एखादी साधी मिनीबस शोधून तिचे बॉनेट उघडून पाहावे. आम्हाला जुनी जागा अशीच एका शाळेच्या गाडीवरून कळली.

नळ्यांबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. इंजिनाच्या उष्णतेने आणि खाऱ्या हवेने व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या टोकाशी तडकतात. टोकाचा तुकडा कापून नळी पुन्हा ओढून बसवणे ही तात्पुरती सोय झाली. सगळ्या नळ्या एकदाच बदलाव्यात आणि आतल्या व्यासाच्या मापाच्याच घ्याव्यात. सैल नळीला क्लिप आवळून काम भागत नाही. पावसाळ्यात उंदीर इंजिनात आसरा घेतात आणि नळ्या कुरतडतात, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. कुंभारमाशी मात्र सहसा लक्षात येत नाही. उघड्या राहिलेल्या नळीत ती मातीचे घर बांधते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून काढलेल्या नळीचे तोंड रात्रभरही उघडे ठेवू नये.

हे सगळे धुरापेक्षाही महत्त्वाचे आहे, कारण याच पंपाच्या व्हॅक्यूमवर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पेडल हलके करणारा भाग, चालतो. समुद्रसपाटीवर हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो आणि निरोगी पंप त्यातला ६०० ते ७०० मिलिमीटरपर्यंतचा व्हॅक्यूम देतो. ईजीआरची नळी किंवा डायफ्रॅम गळत असेल, तर बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम मिळण्यास वेळ लागू शकतो आणि ब्रेकचे पेडल कडक लागते. पाण्याची टाकी, गादी, कपाटे आणि माणसे घेऊन उतरणारी कॅम्पर गाडी मूळ मिनीबसपेक्षा हलकी नसते. पेडल कडक लागत असेल तर आंबा, कुंभार्ली किंवा फोंडा असा कोणताही घाट उतरण्याचा विचार करू नये. आधी मीटर लावून पंपाचा व्हॅक्यूम मोजावा.

आता काजळी काढण्याविषयी. व्हॉल्व्ह खोलण्याची घाई करू नये, कारण फ्लँजचे स्टड गंजून जाम झालेले असतात आणि ताकद लावली की मुळाशी तुटतात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल लावावे, सकाळी इंजिन चालवून थोडे तापवावे, निवू द्यावे, पुन्हा तेल लावावे आणि मग पाना घालून आधी किंचित आवळून नंतर सोडावे. काजळी डिझेलमध्ये भिजवून लाकडी पट्टीने काढावी, तारेच्या ब्रशने व्हॉल्व्हची बैठक खरवडू नये. डायफ्रॅमला डिझेल किंवा कार्ब क्लीनर लागू देऊ नये, त्याने रबर फुगते. मॅनिफोल्डमधली काजळी गाडीवर असतानाच खरवडली तर तुकडे थेट सिलिंडरमध्ये जातात, म्हणून तो उतरवूनच साफ करावा. परत बसवताना धातूचे नवे गॅस्केट वापरावे आणि स्टडला तांब्याची पेस्ट लावावी.

काजळी कोरडी आणि भुसभुशीत असेल तर ती निव्वळ धुराची आहे. ती चिकट, डांबरासारखी असेल तर त्यात ऑइल मिसळले आहे आणि ब्रेदर पाइपकडे (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीकडे) पाहिले पाहिजे. आमच्याकडे दोन्ही प्रकार होते. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर भरलेले होते आणि ब्रेदरमधली जाळी चोंदली होती. ऑइल योग्य पातळीवर आणले आणि जाळी धुतली. एवढे करूनही ऑइलच्या झाकणातून जोराचे फुत्कार येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि ते वेगळे, मोठे काम आहे.

दुसऱ्या खेपेला मिस्त्रींनी मला सांगितले होते, “काका, व्हॉल्व्हखाली प्लेट मारून टाकू, कटकटच नको.” त्यांचा हेतू चांगला होता आणि त्यांचे तांत्रिक म्हणणेही खोटे नव्हते. प्लेट मारून ईजीआरची वाट कायमची बंद केली की काळा धूर खरोखर कमी होतो आणि गाडी पीयूसी पास होते, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराची घनता पाहतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत. तरीही मी ते केले नाही आणि कोणी करू नये असे मनापासून वाटते. न दिसणारा तो वायू फुप्फुसांना त्रास देतो आणि उन्हात त्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. आपण गाडी घेऊन जातो ती किनाऱ्यावरच्या गावांत, जेथे रस्ता दोन गडग्यांच्या मधून जातो आणि घरांची अंगणे चाकाला लागून असतात. तेथे लोकांच्या श्वासात काय सोडतो, याची जबाबदारी आपली आहे. शिवाय प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि आमच्या बाबतीत प्लेट मारली असती, तर चिखलाने माखलेला सोलेनॉइड कधीच सापडला नसता.

राहिला सायलेन्सर. पीयूसीला गाडी नेण्याआधी तो तपासावा, पण खरे कारण पीयूसीचे नाही. कॅम्परमध्ये माणसे झोपतात. पाण्याच्या, विजेच्या आणि गॅसच्या नळ्यांसाठी जमिनीला भोके पाडलेली असतात आणि त्यांभोवतीचे रबर वाळून निघालेले असते. खाली पाइप गंजून फुटला असेल, तर धूर त्याच भोकांतून आत येतो. थंड इंजिन सुरू करून मागचे तोंड जाड ओल्या फडक्याने क्षणभर दाबावे, म्हणजे गळतीच्या जागी फुसफुस ऐकू येते, आणि सांध्यांवर साबणाचे पाणी टाकले की बुडबुडे दिसतात. आमच्या पाइपला दोन ठिकाणी सुईएवढी छिद्रे होती, त्यातले एक नेमके बिछान्याखाली. पत्र्याचे ठिगळ लावण्याऐवजी तेवढा पाइप बदलला आणि जमिनीची सगळी भोके उष्णता सोसणाऱ्या सीलंटने बुजवली. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ लावावा, आणि इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून कधीही झोपू नये, मग बाहेर कितीही उकाडा असो. या एका बाबतीत मी कोणाचीही सवलत मान्य करत नाही.

या दुरुस्तीनंतर २०२४ च्या ऑक्टोबरात गाडीचे मोजमाप ४१ आले, आणि त्यानंतरच्या एप्रिलमध्ये व्हॉल्व्ह न खोलता ४३. आता पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवतो, सोलेनॉइडचा स्पंज बदलतो, आणि चार महिन्यांत दर पंधरवड्याला गाडी निदान २० किलोमीटर फिरवून आणतो, म्हणजे सायलेन्सरमध्ये साचलेले पाणी उडून जाते. जागेवर दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याने ते होत नाही, उलट पाइपमध्ये ओल आणखी साठते. स्पंजचा सुटा भाग बाजारात मिळाला नाही, म्हणून मत्स्यालयाच्या फिल्टरचा बारीक छिद्रांचा स्पंज कापून वापरतो. तो फार दाबून बसवू नये. फुंकर मारली तर हवा सहज आरपार गेली पाहिजे.